नवा टर्बो हलतो म्हणून परत करू नका, आधी कुठून हलतो ते पाहा

मा. संपादक साहेब यांस,
सप्रेम नमस्कार.

तुमचा पेपर आमच्या गॅरेजवर रोज सकाळी येतो, आधी सोयाबीन-कापसाचे भाव पाहतो, मग बाकीचं. पत्र पहिल्यांदाच लिहून राहिलो. विषय तसा छोटा वाटेल पण ह्या एका गोष्टीपायी आमच्या भागात दर सिझनला कोणाचे ना कोणाचे पैसे जातात, दिवस जातात, आणि नीट सांगणारं कोणी भेटत नाही. विषय असा, की नवा टर्बो विकत घेतला आणि त्याचा शाफ्ट हाताने हलला तर तो पीस खराब समजायचा की नाही. टर्बो म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबणारा पार्ट, एका दांड्याच्या दोन टोकांना दोन पंखे, एक सायलेन्सरकडे जाणाऱ्या गॅसने फिरतो, दुसरा हवा दाबतो, आणि तो दांडा म्हणजे शाफ्ट.

मी डिझेल मेकॅनिक आहे, आयटीआयला मेकॅनिक डिझेल ट्रेड केला आणि बावीस वर्षं झाली, आर्णी तालुक्यात रोडवर गॅरेज आहे. ट्रॅक्टर जास्त, पिकअप त्याच्या खालोखाल, कधी कधी कापसाचे ट्रक. पहिले टर्बोचं काम वर्षातून दोन-चार यायचं, आता तसं राहिलं नाही. एप्रिल २०२० पासून गाड्यांना बीएस ६ आलं, ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरला जानेवारी २०२३ पासून ट्रेम ४ लागलं, हे दोन्ही धुराचे कडक सरकारी नियम, आणि त्याच्या खालच्या कित्येक ट्रॅक्टरलाही कंपन्या टर्बो देऊन राहिल्या. म्हणजे टर्बो आता वावरात पोचला, पण त्याची माहिती अजून पोचली नाही.

गेल्या सोयाबीनच्या सिझनची गोष्ट सांगतो. बाजूच्या गावचा एक कास्तकार, पोरगा माझ्या पुतण्याच्या वयाचा, बारा एकर सोयाबीन सोंगून गंजी मारून ठेवलेली, थ्रेशर त्याच्याच ट्रॅक्टरवर चालायचं. ऐन वेळेवर ट्रॅक्टरचा जोर गेला, सायलेन्सरमधून निळा धूर, जुना टर्बो खोलला तर पंखा घासून घासून हाउसिंगला, म्हणजे पंख्याभोवतीच्या कवचाला, चकाकी आलेली. ते काम खरंच गेलेलं होतं. त्याने जिल्ह्याच्या गावी जाऊन एका दुकानातून साडेसोळा हजाराचा नवा टर्बो आणला. येताना स्टँडवर चहाला थांबला, तिथे चार लोक जमले, त्यातल्या एकाने डब्यातून टर्बो काढला, तोंडाची प्लास्टिकची कॅप उपटली, पंख्याच्या नटाला धरून डावीकडे-उजवीकडे केलं आणि म्हणाला, "हे पाय, हे तं हालून राहिलं, तुले जुना पीस रंगवून देल्ला." झालं. पोरगा तिथूनच माघारी फिरला, चाळीसेक किलोमीटर परत.

दुकानदार म्हणे डबा फोडला, वापस होत नाही. भांडण झालं, दोन तास गेले, शेवटी त्याने दुसरा पीस काढून दिला. तोही हलत होता! आता दुकानदारालाच सांगता येईना की किती हलायला पाहिजे, तो म्हणे सगळेच असे येतात, घ्यायचा तर घ्या. पोरगा घेऊन आला पण लावायची हिंमत होईना, रात्र तशीच गेली, दुसऱ्या दिवशी कोणीतरी माझं नाव सांगितलं तेव्हा दुपारी दुपट्ट्यात गुंडाळून टर्बो घेऊन आला. "भाऊ, एकदा पाहून सांगा, खराब असन तं मी आता तिसऱ्यांदा जातो." डोळे लाल झाले होते त्याचे, सारखा आभाळाकडे पाहून राहिला होता.

मी डायल गेज, म्हणजे बारीक हलणं काट्यावर दाखवणारं घड्याळासारखं माप, लावून मोजला. टर्बो चांगला होता. एकदम चांगला. पहिला पीस मी पाहिला नाही म्हणून त्याच्याबद्दल छातीठोक बोलत नाही, पण तो किती हलत होता हे त्याने मला बोटाने करून दाखवलं आणि तेवढं हलणं ह्या दुसऱ्यातही होतंच. म्हणजे बहुतेक तोही चांगलाच असावा. संध्याकाळी सात वाजेपर्यंत मी फिट करून दिला पण तोपर्यंत पाणी सुरू झालं होतं. ताडपत्री होती पण गंजी खालून भिजली, बाजारात माल डागी म्हणून भाव कापला. एक दिवस आधी थ्रेशर चाललं असतं तर सोयाबीन घरात असतं. हे मला अजून लागून आहे, म्हणून हे पत्र.

आता मुद्द्याचं. लोक असं का म्हणतात की हललं म्हणजे गेलं? कारण आपल्याला दुसऱ्या पार्टची सवय आहे. चाकाचं बेअरिंग हललं म्हणजे गेलं, पाण्याच्या पंपाचा शाफ्ट हलला म्हणजे गेला, आल्टरनेटरचं तेच. तिथे बॉल बेअरिंग असतं, गोळ्या कड्यांमध्ये घट्ट बसलेल्या असतात, हलायला जागाच नसते. ट्रॅक्टर-पिकअपच्या बहुतेक टर्बोत गोळ्या नसतात. तिथे असतात बुश, पितळी, अंगठीसारखे, आणि ते घट्ट ठोकलेले नसतात, ते तरंगते असतात. शाफ्ट आणि बुश यांच्यामध्ये बारीक फट, बुश आणि बाहेरची बॉडी यांच्यामध्ये दुसरी फट. इंजिन चालू झालं की प्रेशरचं ऑइल ह्या दोन्ही फटीत शिरतं आणि शाफ्ट ऑइलच्या थरावर फिरतो, धातूला धातू लागतच नाही, बुशसुद्धा स्वतः हळूहळू फिरतो. डब्यात आलेला नवा टर्बो जवळपास कोरडा असतो, त्या फटीत प्रेशरचं ऑइल नाही, हवा आहे. मग बोट लावलं की तो हलणारच. आपल्या बैलगाडीचं घ्या, चाक आसावर थोडं सैल ठेवतात, वंगण घालतात, कोणी म्हणत नाही की चाक खराब आहे. घट्ट ठोकलं तर आस जळते हे जुन्या माणसाला सांगावं लागत नाही.

आणि टर्बोचा वेग पाहा. ट्रॅक्टरचं इंजिन मिनिटाला दोन हजार-बावीसशे फेरे घेतं, टर्बोचा शाफ्ट लोडवर एक लाखाच्या वर जातो. एक लाख म्हणजे सेकंदाला सोळाशेच्या वर फेरे. पाच सेंटिमीटरचा पंखा धरला तर त्याच्या कडेचा वेग ताशी ९०० किलोमीटरच्या वर निघतो. एवढ्या वेगात ती फट नसती, ऑइलचा थर नसता, तर बुश काही सेकंदात चिकटला असता. ती फट कंपनीने मोजून ठेवलेली असते, तो दोष नाही, त्याच्यावरच टर्बो जगतो. अल्फ्रेड ब्युखी नावाच्या स्विस इंजिनियरने १९०५ मध्ये टर्बोचं पेटंट घेतलं, सायलेन्सरमधून वाया जाणाऱ्या गॅसने पंखा फिरवून इंजिनात जास्त हवा दाबायची ही त्याची कल्पना, आणि सव्वाशे वर्षं होत आली तरी मूळ गोष्ट तीच आहे.

अजून एक. पंखा शाफ्टच्या टोकाला असतो आणि बुश आत मध्यभागी. तुम्ही टोकाला दाबता तेव्हा शाफ्ट आत थोडा तिरपा होतो आणि टोकाला ते हलणं मोठं होऊन दिसतं, जसं लांब काठीचा मधला भाग मुठीत सैल धरला तर मुठीजवळ कणभर हललेलं टोकाला बोटभर दिसतं तसं. म्हणून हाताला जेवढं वाटतं तेवढी आतली फट नसते.

हलणं दोन प्रकारचं आहे आणि सगळा घोळ इथेच होतो, माणसं दोन्ही एकच समजतात. एक आडवं, म्हणजे वर-खाली, डावं-उजवं. दुसरं मागे-पुढे, म्हणजे शाफ्ट आत ढकलला बाहेर ओढला. आडवं हलणं कोरड्या टर्बोत बोटाला कळतं, कळायलाच पाहिजे. बऱ्याच छोट्या टर्बोला पंख्याच्या टोकाशी ते ०.३ ते ०.६ मिमीच्या आसपास भरतं, दाढीचं ब्लेड ०.१ मिमी जाड असतं, म्हणजे चार-पाच ब्लेडं एकावर एक ठेवली तेवढं. मागे-पुढे मात्र वेगळं आहे. ते सांभाळायला थ्रस्ट बेअरिंग असतं आणि तिथे फट फार कमी, साधारण ०.०३ ते ०.१ मिमी, एका ब्लेडच्या आत. हे हाताला जवळपास कळत नाही, लई झालं तर एक बारीक टिक् असा भास होतो. नव्या टर्बोत मागे-पुढे खडखड लागत असेल, टक टक आवाज करून शाफ्ट सरकत असेल, तर तो पीस लावू नका, तेव्हा खुशाल दुकानदाराशी भांडा. आकडे मॉडेलप्रमाणे बदलतात म्हणून डब्यातल्या कागदावर किंवा कंपनीच्या पुस्तकात त्या नंबरचा जो आकडा असेल तोच खरा धरायचा. आणि काही महागड्या टर्बोत खरंच बॉल बेअरिंग येतं, त्याचा हिशोब वेगळा, तिथे आडवं हलणं फारच कमी असतं. म्हणून आधी आपला कोणता आहे ते विचारून घ्या.

डायल गेज सगळ्यांकडे नसतो हे मला माहीत आहे. नसला तरी हाताने पाहायची पद्धत आहे, मी पोरांना हीच शिकवतो. हात साबणाने धुवा, ग्रीसचा हात नको. टेबलावर धुतलेला कपडा टाका, टर्बो त्याच्यावर ठेवा. आधी फक्त डोळ्याने पाहा, पंख्याची पाती एकसारखी आहेत का, कुठे टोक मोडलं, वाकलं, खरवडलं का. मग पंख्याच्या नटाला अंगठा आणि पहिलं बोट लावा, एका बाजूला हलका दाब द्या आणि तसाच दाब ठेवून फिरवा. पूर्ण एक फेरा. मग दुसऱ्या बाजूला दाबून एक फेरा. मग आत दाबून, मग बाहेर ओढून. कान जवळ न्या. पंखा हाउसिंगला कुठेच लागायला नको, करकर नको, अटकायला नको. हेच मागच्या, म्हणजे सायलेन्सरकडच्या पंख्याचं. नव्या चांगल्या टर्बोत पूर्ण आडवा दाबला तरी पाती आणि भिंत यांच्यात बारीक रेघ उरते, मोबाईलची बॅटरी मारून पाहिलं तर ती रेघ दिसते. ही रेघ सगळीकडून दिसली आणि मागे-पुढे खडखड नाही, तर पीस बिनधास्त लावा, स्टँडवरचा माणूस काहीही म्हणो.

त्याच्यानंतर ऑइलच्या भोकातून स्वच्छ इंजिन ऑइल टाका, हाताने आठ-दहा फेरे द्या, परत ऑइल टाका, परत फेरे द्या आणि आता आडवं हलवून पाहा. तो पोरगा माझ्यासमोर उभा होता तेव्हा मी त्याच्याच हाताने हे करून घेतलं. पहिले कोरडा असताना त्याच्या बोटाला टकटक लागत होतं, ऑइल गेल्यावर तोच शाफ्ट लोण्यात बोट दाबल्यासारखा मऊ हलला, आवाज बंद. तो म्हणाला, "हे एवढंच होतं काय भाऊ?" मी काय बोलणार. एवढंच होतं.

तिथेच व्हाइसला मॅग्नेट स्टँड लावून डायल गेजची टीप शाफ्टच्या नाकावर टेकवली होती, शाफ्ट आत-बाहेर केला तर काटा सहा घरं गेला. एक घर ०.०१ मिमी, म्हणजे ०.०६. आडवा मोजला तर ०.४२. डब्यातल्या कागदावर बारीक इंग्रजी अक्षरात दोन्हीची हद्द छापलेली होती आणि दोन्ही हद्दीत होते. म्हणजे जी माहिती असती तर त्याचा सबंध दिवस वाचला असता ती सगळी त्या डब्यातच होती, साडेसोळा हजारासोबत फुकट आलेली, फक्त त्याच्या भाषेत नव्हती.

काही गॅरेजवर एअरची गन मारून नवा टर्बो फिरवून पाहतात, शिट्टी वाजली की गिऱ्हाईक खुश. कृपा करून हे करू नका. कोरड्या बुशवर हवेच्या प्रेशरने शाफ्ट हजारो फेरे घेतो, ऑइलचा थेंब नाही, बुशचं सगळं पॉलिश तिथेच निघून जातं आणि मग खरंच तो पीस हलायला लागतो. चांगला टर्बो तपासण्याच्या नावाने मारायचा प्रकार आहे हा. उलट काही लोक म्हणतात नवा टर्बो बोटाने फिरवला तर सायकलच्या चाकासारखा फिरत राहिला पाहिजे, तेही खरं नाही, कंपनीत जोडताना लावलेलं थोडं ऑइल असतं, बारीक रिंगा असतात, दोन-चार फेऱ्यांत थांबला तर काही बिघडलेलं नाही.

आता माझ्या हातून झालेलं सांगतो, कारण ते नाही सांगितलं तर हे पत्र अर्धवट राहील. पंधरा-सोळा वर्षं झाली असतील. जिनिंगला कापूस वाहणारा एक ट्रक आला होता, टर्बो गेलेला. नवा आणला, शाफ्ट तपासला, बरोबर होता, बसवला आणि सेल्फ मारून लगेच रेस केला. ऑइल टाकलं नाही, जुना ऑइल पाइप तसाच लावला, कारण मालक डोक्यावर उभा होता की गाडी रात्री लागते. नवव्या दिवशी शाफ्ट तुटला, पंख्याचे तुकडे इंटरकूलरमध्ये, म्हणजे टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीत. तेव्हा मी तो ऑइल पाइप काढून त्यात सायकलची तार घातली, आतून कोळशासारखे काळे खडे निघाले, करंगळीच्या नखाएवढे, निम्मा पाइप बंद. म्हणजे नव्या टर्बोला पहिल्या दिवसापासून ऑइल पुरतच नव्हतं. मालकाने मला दोष दिला आणि बरोबर दिला. मी दुसऱ्या टर्बोचे पैसे सहा महिने हप्त्याने फेडले. तेव्हापासून माझ्याकडे पाइप नवा असल्याशिवाय किंवा आरपार धुतल्याशिवाय टर्बो लागत नाही, गिऱ्हाईकाला पटो न पटो.

सांगायचं कारण, की नवा टर्बो लवकर जातो तेव्हा लोक म्हणतात पीसच खराब होता, हलत होता ना. पण माझ्या हाताखालून जेवढे गेलेले टर्बो गेले त्यातले बहुतेक ऑइल आणि धुळीने गेलेले होते, शाफ्टच्या त्या ठरवून ठेवलेल्या फटीने नाही. जुन्या टर्बोने ज्या कारणाने जीव सोडला ते कारण तसंच ठेवून नवा लावला तर तोही त्याच वाटेने जाणार. म्हणून टर्बो बदलताना ऑइल आणि ऑइल फिल्टर बदला, बँजो बोल्टच्या, म्हणजे ऑइल पाइप टर्बोला जोडणाऱ्या पोकळ बोल्टच्या, भोकात सिलिकॉन पेस्ट लावू नका, तिचा एक दोरा सुटून भोकात बसला की ऑइल बंद. रिटर्न पाइप वाकलेला, चेपलेला नको, टर्बोतून ऑइल आपल्या वजनानेच खाली इंजिनच्या ऑइल चेंबरमध्ये उतरतं, तिथे तुंबलं की दोन्हीकडून बाहेर येतं. टर्बोत रबरी सील नसतं हे पुष्कळ जणांना माहीत नाही, बारीक लोखंडी रिंगा असतात आणि बाकी काम हवेच्या आणि गॅसच्या प्रेशरने होतं, म्हणून रिटर्न तुंबला किंवा एअर फिल्टर चोक झाला तर टर्बो नवाकोरा असूनही ऑइल टाकतो, निळा धूर देतो. आणि मग परत तेच, शाफ्ट हलवून पाहायचा आणि पीस खराब म्हणायचा.

इंटरकूलर आणि होज पाइप उलटे करून धुवा. जुनं ऑइल तिथे साचलेलं असतं, ते इंजिनात ओढलं गेलं तर डिझेल बंद केलं तरी इंजिन रेस धरून बसतं, हे मी एकदा डोळ्याने पाहिलं आहे आणि परत पाहायची इच्छा नाही.

बसवल्यावर ट्रॅक्टरची स्टॉपची दोरी ओढून धरा म्हणजे डिझेल जाणार नाही, आणि सेल्फ मारा, एका दमात दहा-पंधरा सेकंद, थोडं थांबून परत, ऑइलचा काटा उठेपर्यंत. मग चालू करून एक-दोन मिनिटं आयडलवर ठेवा, रेस नको. नव्या कॉमन रेलच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर डिझेल सोडणाऱ्या, गाड्यांना दोरी नसते, तिथे डिझेल बंद ठेवायची पद्धत कंपनीच्या पुस्तकात पाहूनच करा, अंदाजाने वायर काढू नका.

आपल्या विदर्भाचं हवामानही धरा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, काळ्या मातीची धूळ पिठासारखी, सोयाबीनच्या मळणीत भुसा, जिनिंगच्या आवारात कापसाची रुई तरंगत असते. मी एका पिकअपचा एअर फिल्टर काढला तर त्याच्यावर रुईची गादी झालेली, हाताने उचलली तर सबंध निघाली, गोधडीचा तुकडा जसा. मालक मला टर्बो तपासायला सांगत होता, शाफ्टमध्ये प्ले आहे, म्हणजे हलतो, म्हणे. शाफ्ट बरोबर होता, गाडीला श्वास घेता येत नव्हता. फिल्टर बदलला, धूर गेला. मळणीच्या दिवसात फिल्टर रोज संध्याकाळी पाहायला पाहिजे, पुस्तकातले तास आपल्या धुळीला लागू नाहीत असं माझं स्पष्ट मत आहे. आणि लोडवरून आलं की इंजिन लगेच बंद करायचं नाही, दोन मिनिटं आयडलवर सोडा, त्या वेळात चाबी तशीच राहू द्या आणि पाणी प्या. लोडवर सायलेन्सरकडचा पंखा लालबुंद तापलेला असतो, एकदम बंद केलं की ऑइल थांबतं आणि आतल्या आत जळून त्याचा कोळसा होतो, मी तारेने काढला तो हाच कोळसा.

संपादक साहेब, माझ्या मागण्या फार नाहीत. टर्बो विकणाऱ्या दुकानदारांनी काउंटरवर एक डायल गेज ठेवावा. स्टँडसकट साधा गेज दोन-अडीच हजारात येतो, गिऱ्हाईकासमोर मोजून बिलाच्या पाठीवर दोन आकडे लिहून द्यावे, आडवं इतकं, मागे-पुढे इतकं. मग ना गिऱ्हाईक वापस येणार, ना भांडण होणार, आणि खरंच खराब पीस निघाला तर गिऱ्हाईकाकडेही कागद राहील. कंपन्यांनी डब्यातला कागद मराठीत द्यावा, चित्रासकट, बाणाने दाखवून, की इकडून हललं तर चालतं, तिकडून हललं तर चालत नाही. एवढं मोठं मार्केट आहे आमचं, एक कागद छापायला काय लागतं? आयटीआयच्या पोरांना हे फळ्यावर नाही तर हातात टर्बो देऊन शिकवावं, एकदा कोरडा हलवून आणि एकदा ऑइल टाकून, जन्मभर विसरत नाही. अकोल्याला पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात शिवारफेरीला जिल्ह्याजिल्ह्यातून कास्तकार येतात, बियाणं पाहतात, अवजारं पाहतात, तिथे एका टेबलावर कापून उघडा केलेला एक टर्बो ठेवला, बुश आणि फट डोळ्याने दिसेल असा, तर शंभर भाषणांपेक्षा जास्त काम होईल.

आणि माझ्या मेकॅनिक भावांना हात जोडून विनंती आहे. गिऱ्हाईकाच्या हातातला नवा पार्ट घेऊन चार लोकांत "हा खराब" म्हणायच्या आधी मोजा. मोजता येत नसेल तर म्हणा मला माहीत नाही, मोजून घे. त्याच्यात कमीपणा नाही. स्टँडवर जो बोलला तो वाईट माणूस नव्हता, त्याला मी ओळखतो, पोराचे पैसे वाचावे म्हणूनच बोलला. पण त्या एका वाक्याने बारा एकराची गंजी पाण्यात उभी राहिली.

तुमच्या पेपरात जागा असेल तर ह्या पत्रासोबत टर्बोचं एक साधं चित्र छापा, दोन बाण काढून, मी गॅरेजच्या दारावर चिकटवून ठेवीन. आणि आमच्या तालुक्यातला कोणी हे वाचत असेल तर नवा टर्बो घेतला की लावायच्या आधी माझ्याकडे घेऊन या, डायल गेज रविवारीही बाहेरच असतो, मोजायचे पैसे घेत नाही. फक्त रस्त्यात कॅपा काढू नका, आत धूळ गेली तर मग मोजून उपयोग नाही.

आपला,
एक डिझेल मेकॅनिक
ता. आर्णी, जि. यवतमाळ